मित्रमंडळींसोबत कॅम्परव्हॅन आणि ऑस्ट्रेलिया : तुमचे अनुभव लिहा

भटकी_मांजर
शेजारच्यांनी परवा एक जुनी टोयोटा हायएस आणून दारात उभी केली. आत पलंग, ओटा, सिंक सगळं स्वतः बसवतायत. रोज संध्याकाळी ठोकाठोकी. मी भाजी निवडत खिडकीतून बघते आणि जुनं सगळं वर येतं, म्हणून हा धागा.

मेलबर्नला शिकत असताना आम्ही चौघं व्हॅनमधून पर्थला गेलो होतो. खिसे रिकामे. भाड्याच्या व्हॅन एका शहरात साचतात आणि हव्या असतात दुसरीकडे, म्हणून कंपन्या त्या नुसत्या पोचवायला दिवसाला एक डॉलर इतक्या भाड्यातही देतात, हे आमच्यातल्या सोलापूरकराने शोधून काढलं. अट एवढीच की ठरल्या दिवसांत पोचवायची. म्हणजे इकडेतिकडे रमायला वाव नाही. पण विशीत कोण रमतंय, गाडी चालली की झालं.

सेडूना सोडलं की नलारबॉर. झाड नाही, गाव नाही, मधूनमधून एखादं रोडहाऊस. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर बॉर्डर व्हिलेजला नाका आहे, तिथे ताजी फळं, भाज्या, मध आत नेऊ देत नाहीत. शिजवलेलं चालतं. मग काय, आदल्या संध्याकाळी बुंडा कड्यांजवळ गाडी लावून होतं नव्हतं ते सगळं शिजवायला घेतलं. भरली वांगी, टोमॅटोचं सार, सफरचंदाचा शिरा. वाऱ्याने शेगडी राहीना, तर दोघं चादर धरून उभे आणि एक जण ढवळतोय. राहिला कांगारू बेटावरून आणलेला मध. टाकायचा नाही म्हणून सोलापूरकराने पावाला लावून एकट्याने संपवला. पर्थपर्यंत त्याने चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला.

पुढे केगुना ते बॅलाडोनिया १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. पुण्याहून मुंबईला निघा आणि स्टिअरिंग वळवूच नका, असं. मी चालवत होते, बाकी तिघं घोरत होते. मला अजून तो तुकडा सगळ्यात जास्त आठवतो, का ते सांगता येत नाही.

आता तुम्ही लिहा. मित्रांसोबतचे आधी, घरच्यांसोबतचेही चालतील, कोण अडवतंय.

गोंधळी
टॉयलेटची कॅसेट!!! म्हणजे व्हॅनमधल्या संडासाची टाकी. कोणीच बोलत नाही त्याबद्दल. आम्ही पाच जण सिडनी ते केर्न्स. दर दोनतीन दिवसांनी ती काढून डंप पॉइंटला रिकामी करायची. पहिल्या दिवशीच ठरलं, रात्री पत्ते, ज्याच्यावर झब्बू त्याची पाळी. आयुष्यात इतक्या गांभीर्याने कधी पत्ते खेळलो नाही. एक जण तर दिवसभर गाडी चालवता चालवता कोणाकडे कुठली पानं होती ते आठवत बसायचा.

चाफा_
गोंधळी :हाहा: ऑफिसात वाचतेय, बॉस बघायला लागला

पर्थकर
मांजर, छान लिहिलंयस. बॅलाडोनियाच्या रोडहाऊसमध्ये छोटं म्युझियम आहे, बघितलंत का? १९७९ मध्ये नासाची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा पडली ती याच भागात. एस्पेरन्सच्या पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला होता. आमच्या गटातल्या पुणेकराला ही गोष्ट एवढी पटली की पुढे प्रत्येक रोडहाऊसवर तो ती वेटरला सांगायचा. तिकडच्या लोकांना.

युक्लाच्या आसपास घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे असतं. फोनला ते समजत नाही, आपल्यालाही नाही. आम्ही जेवायला गेलो तर किचन बंद झालेलं.

नवीन जाणाऱ्यांसाठी : अंधार पडायच्या आत गाडी लावा. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि हेडलाइटकडे बघत उभे राहतात. भाड्याच्या बहुतेक करारांत गावाबाहेर रात्री चालवायला बंदीच असते, काही झालं तर विमा हात वर करतो. उत्तरेला रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. ओव्हरटेक करताना अंदाज चुकतो, समोर लांबवर मोकळं दिसत नसेल तर मागे राहा, घाई कसली आहे.

भटकी_मांजर
म्युझियम राहिलं हो! आम्हाला व्हॅन जमा करायची घाई.

सोलकढी
आमची ट्रिप क्वीन्सलँडची, ब्रिस्बेन ते टाऊन्सव्हिल, चार मैत्रिणी. नोव्हेंबर होता. बंडाबर्ग, मॅकाय, जिकडे बघावं तिकडे ऊस. आमच्यातली सांगलीची गाडी थांबवायला लावून बांधावर जाऊन उभीच राहिली. म्हणे पाचटाचा वास तोच आहे. तोड मात्र सगळी यंत्राने, माणूस दिसत नाही शेतात. तिच्या माहेरी टोळ्या यायच्या, ती कोपी, बैलगाड्या, सगळं सांगत बसली रात्री बारापर्यंत. आम्ही तिला कॉलेजपासून ओळखतो पण हे तिने कधी सांगितलंच नव्हतं.

मग बोवेन. रस्त्याशेजारी दोनतीन मजली उंचीचा फायबरचा आंबा उभा आहे. तिथला आंबा केन्सिंग्टन प्राइड, चांगला रसाळ असतो. आम्ही पेटीच घेतली. रत्नागिरीच्या बाईने एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि म्हणाली "बरा आहे". पेटी अर्धी तिनेच संपवली. शेवटपर्यंत "बरा आहे".

समुद्र समोर आणि पोहता येत नाही हे मात्र फार छळतं. त्या महिन्यांत बॉक्स जेलीफिश असतात, जाळी लावलेल्या भागातच उतरायचं. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या, डंख झालाच तर ओतायला. खाडीत मगरी ते वेगळंच.

निळी_छत्री
सोलकढी, तुमची मैत्रीण सांगलीत कुठली? विश्रामबाग का? मी पण

सोलकढी
नाही गं, वाळव्याकडची. तू वालचंदची का?

निळी_छत्री
हो!! हॉस्टेलसमोरचा भडंगवाला आठवतो का तिला विचार ना

वरणभात
भडंग वाचून भूक लागली. विषयावर येतो. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये आपला कुकर लावलात का कोणी? आम्ही पोर्ट ऑगस्टाला लावला. पहिल्या शिट्टीला शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा बनियनवर बाहेर, दुसऱ्या शिट्टीला आजी, तिसऱ्याला ते आमचा गॅसचा सिलेंडर बंद करायला धावले. मग त्यांना बसवून गरम वरणभात, वर तूप आणि लिंबू. ही निवृत्त मंडळी घर बंद करून वर्षवर्ष असं फिरत असतात, तिकडे त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात. सकाळी आजींनी कुकरचं झाकण उघडून बघितलं, शिट्टी हातात घेऊन बघितली, आणि विचारलं हे कुठे मिळतं. मी शिट्टी देऊन टाकणार होतो पण बायकोने डोळे वटारले.

खिडकीवाली
उलुरू, वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक. २०१९ चा जुलै. २६ ऑक्टोबरपासून वर चढणं कायमचं बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं, त्यामुळे झुंबड. युलाराच्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळेना, रात्री थंडी शून्याखाली, व्हॅनच्या काचा आतून ओल्या.

पायथ्याशी अनंगू लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, फलक होता, हे आमचं पवित्र स्थान आहे, कृपया चढू नका. आम्ही सहा जण होतो. तिघांना चढायचं होतं, इतक्या लांब आलोय, नंतर संधी नाही. मी आणि दोघी नाही म्हणालो. वाद झाला. मी म्हटलं उद्या कोणी आपल्या देवळाच्या शिखरावर चढून फोटो काढले तर. तो म्हणाला भावनिक होऊ नकोस, चढायला साखळी सरकारनेच लावलीये ना. ते चढले, आम्ही पायथ्याची प्रदक्षिणा केली, साधारण दहा किलोमीटर. काही ठिकाणी फोटो काढू नका असं लिहिलेलं आहे, तिथे कॅमेरा पिशवीत. मुटिजुलूच्या पाणवठ्याशी एवढी शांतता होती की आम्ही तिघी कुजबुजत बोलत होतो.

परत येताना एर्लडुंडापर्यंत व्हॅनमध्ये कोणी बोललं नाही. दोनअडीचशे किलोमीटर. मैत्री टिकली, पण तो विषय अजून कोणी काढत नाही.

पर्थकर
खिडकीवाली, मीपण चढलो नव्हतो. २६ ऑक्टोबर ही तारीख मुद्दाम निवडलेली, १९८५ मध्ये त्याच दिवशी ती जमीन अनंगूंना परत दिली होती.

चाफा_
खिडकीवाली, मिठी. सहा जण एका व्हॅनमध्ये, त्यात भांडण. माझ्याने नसतं झालं

नाशिकचे_आजोबा
मुलगा अॅडलेडला असतो. त्याच्याकडे गेलो असता आम्ही तीन जुने मित्र व आमच्या सौभाग्यवती असे दोन व्हॅन घेऊन कूबर पीडीपर्यंत गेलो होतो. वय सगळ्यांचे पासष्टच्या पुढे. मुलाचा विरोध होता. त्याला सांगितले की तुला शाळेत स्कूटरवर कोणी सोडले ते आठव.

कूबर पीडीत ओपल काढतात. उन्हाळा असह्य असल्याने लोक जमिनीखाली घरे कोरून राहतात. चर्चसुद्धा जमिनीखाली. आत पंखा नको की एसी नको.

पण मला सांगायचे आहे ते आकाशाविषयी. एप्रिल होता. गावाबाहेर आल्यावर दिवा मालवला. पश्चिमेला मृग नक्षत्र, पण उलटे, व्याध वर आणि हरिणाचे मागचे पाय आकाशाकडे. अगस्ती आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, तो तिथे चांगला उंच. आणि त्रिशंकू! नाशिकला मे महिन्यात डोंगराच्या कडेला जेमतेम शोधावा लागतो, तो तिथे डोक्याकडे निघालेला. आमचे एक मित्र भूगोलाचे शिक्षक होते, चाळीस वर्षे फळ्यावर दक्षिण गोलार्ध शिकवला. ते खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. शेवटी वहिनींनी शाल आणून टाकली आणि म्हणाल्या, बसा, मी झोपते.

भटकी_मांजर
काका, वा! अजून लिहा ना.

नाशिकचे_आजोबा
टायपिंग हळू आहे. नातवाला सांगून लिहून घेतो.

रानवारा
वेस्ट कोस्ट. पर्थ ते ब्रूम. पोर्ट हेडलँड सोडलं आणि फ्रिज गेला. बाहेर चाळीस अंश, आत दही, पनीर आणि एकाने हट्टाने घेतलेली कोळंबी. ज्यांची व्हॅन त्यांना फोन, ते म्हणाले पुढच्या मोठ्या गावात दाखवा. पुढचं मोठं गाव म्हणजे ब्रूम, सहाशे किलोमीटर :राग: कोळंबी त्याच रात्री रेस्ट एरियात तळून संपवली, बाजूच्या दोन जर्मन मुलांनी पण हातभार लावला.

तिथल्या लोहखनिजाच्या आगगाड्या बघितल्यात का? दोन किलोमीटरहून लांब. फाटकाशी उभे राहिलो, मित्राने डबे मोजायला घेतले, दीडशेच्या पुढे त्याचं कोणीतरी लक्ष विचलित केलं. मीच.

सगळं लाल. रस्ता, गाडी, मोजे. पांढरा शर्ट घेऊन गेलेल्याने तो तिकडेच फडक्यासाठी वापरला.

नवखी_प्रवासी
आम्ही मैत्रिणी पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय, सगळ्या पुण्यातून. लायसन्सचं काय? ट्रक चालवल्यासारखं वाटत नाही का?

पर्थकर
पर्यटक म्हणून आलात तर आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, व्हॅनवाले मागतात. साडेचार टनांपर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, भाड्याच्या बहुतेक व्हॅन त्यात बसतात. डावीकडूनच चालवायचं, त्यामुळे आपल्याला सोपं. पहिला दिवस जड जातो तो उंचीमुळे. पार्किंगच्या छतांवर उंची लिहिलेली असते, ती वाचा. कच्च्या रस्त्यावर साधी व्हॅन न्यायला करारात परवानगी नसते, गिब रिव्हर रोड वगैरे डोक्यातून काढून टाका.

वरणभात
आणि बागांमधल्या फुकट बार्बेक्यू. बटण दाबलं की तवा तापतो. आम्ही त्यावर थालीपीठं लावली, आधी फॉइल अंथरून. लोक रांगेत उभं राहून बघत होते.

नवखी_प्रवासी
थँक्यू सगळ्यांना. धागा ग्रुपवर टाकला. निम्म्या म्हणतायत टॉयलेटवाली व्हॅन नकोच, गोंधळींमुळे.

गोंधळी
घ्या घ्या. नाहीतर रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन रेस्ट एरियातल्या संडासात जा, आणि आधी झाकण उचलून बेडूक बघा. क्वीन्सलँडमध्ये हिरवा असतो, गुबगुबीत, कमोडच्या आत बसलेला.

चाफा_
ई!!! खरंच??

रानवारा
खरंच. एक नाही, दोन असतात. त्यांना पाणी ओतून काही होत नाही.

नवखी_प्रवासी
टॉयलेटवाली घेतोय. पत्ते पण.