मदत हवी आहे: २००९ ची बोलेरो पिकअप, इंजिन बदलू की आहे तेच बांधू? (कोल्हापूर)

भुदरगड_०९
नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, २००९ चं मॉडेल, २५२३ सीसी डीआय इंजिन, एमएच ०९ पासिंग. गारगोटीहून भाजीपाला मार्केट यार्डात येतो आणि हंगामात गूळ गगनबावड्याच्या घाटाने खाली कोकणात जातो. माल सव्वा टनाच्या आसपास.

तक्रारी अशा: ऑइल फिलरचं झाकण काढलं की बॅक कॉम्प्रेशन (आतला वायू उलटा बाहेर) जोरात मारतं. निळसर धूर आहे, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल वर घालावं लागतं. इंजिन तापल्यावर स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा दिवा लुकलुकतो. घाटात तापमानाचा काटा वर चढतो आणि रेडिएटरला रोज पाणी लागतं.

आहे ते इंजिन बांधायचे (खोलून, झिजलेले भाग बदलून परत जुळवायचे) ७८ हजार सांगितलेत. भंगारातल्या गाडीचं तसंच जुनं इंजिन बसवून ६५ हजार. कोणी म्हणतंय कॉमन रेल (कॉम्प्युटरने चालणारं डिझेल इंजिन) टाक, कोणी म्हणतंय टाटा २०७ पिकअपचं टाक, घाटाला ताकद मिळेल. चासी आणि बॉडी चांगली आहे, गाडी अजून तीन-चार वर्षं चालवायची आहे. काय करावं?

उद्यमनगर_बोअरिंग
दादा, मोजल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. धूर आणि बॅक कॉम्प्रेशन एवढ्यावरून इंजिन गेलं म्हणणं घाईचं होईल.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून त्या जागी अ‍ॅडॅप्टर बसवायचा, गेज डिझेलचंच हवं, पेट्रोलचं गेज फुटतं. बॅटरी फुल चार्ज, डिझेल बंद, इंजिन गरम. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते जास्त सांगून जातं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर तो सिलिंडर आजारी समजा.

बरेच जण आकडा कमी आला की भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत टेस्ट घेतात. पेट्रोलला ते चालतं, इथे नको. तुमच्या एका सिलिंडरचं माप ६३१ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १८ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरते जेमतेम ३७ सीसी जागा. त्यात दहा सीसी ऑइल गेलं की आकडा फसवा वाढतो, आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्याऐवजी लीक टेस्ट करा. पिस्टन टॉपला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. गाडी गिअरमध्ये आणि चाकाला ठोकळा लावून, नाहीतर हवेने क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) फिरतो. फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. एअर क्लीनरकडून आवाज म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या हेडखालची पट्टी) गेलं किंवा क्रॅक. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यावर पुढचे साठ-सत्तर हजार ठरतात.

ऑइलच्या दिव्याचंही तसंच. सेन्सर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावून बघा. कधी कधी नुसता स्विच खराब असतो. गेजलाच प्रेशर पडत असेल तर बेअरिंग शेल (क्रँकभोवतीच्या पातळ वाट्या), नाहीतर ऑइल पंप.

कागल_गिअरबॉक्स
कॉमन रेल आणि टाटा २०७ हे दोन्ही पर्याय डोक्यातून काढून टाका.

टाटा २०७ चं ४९७ इंजिन म्हणजे ९७ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक, २९५६ सीसी. इंजिन दणकट आहे, वाद नाही. पण तुमच्या गाडीत त्याला बेल हाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळत नाही, फाउंडेशन (इंजिन बसवायचा आधार) नवीन वेल्ड करावं लागतं, रेडिएटरचे होस, सायलेन्सरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, सगळं जुळवाजुळव. अ‍ॅडॅप्टर प्लेट लेथवर करून मिळते, पण क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत नसला की क्लच प्लेटचा हब आणि पुढचं बेअरिंग लवकरच आवाज करायला लागतं. ब्रेक बूस्टरला लागणारं व्हॅक्यूमही आठवा. डिझेल इंजिनात ते वेगळ्या पंपाकडून येतं, आणि जुळवाजुळवीत त्याचा पाइप कसाबसा जोडला जातो. घाट उतरणाऱ्या गाडीत हे नको.

कॉमन रेलचं २५२३ सीसी इंजिन आकाराने जवळचं, पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, पेडलचा सेन्सर, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, डिझेलची वेगळी लाइन असा सगळा संसार यावा लागतो. एक प्लग सैल झाला की गाडी भुईबावड्याच्या वळणावर बंद. कॉमन रेलमधलंच स्कॉर्पिओचं २.२ एमहॉक म्हणाल तर ते १२० एचपी आणि २९० न्यूटन-मीटरचं, तुमचं मूळ ६३ एचपी. तेवढा जोर मागचा क्राउन-पिनियन (मागच्या आसातले गिअर) आणि गिअरबॉक्स किती दिवस सोसणार?

घाटात ताकद कमी वाटते ती बहुतेक कॉम्प्रेशन गेल्यामुळे. जोडीला क्लच सरकतोय का आणि मागे मूळ मापापेक्षा मोठे टायर घातलेत का, तेही बघा.

शिरोली_स्पेअर
आता भंगारातल्या जुन्या इंजिनाच्या पर्यायाबद्दल, कारण तो सगळ्यांना स्वस्त वाटतो. जुनं इंजिन घेताना पुढच्या गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन नंबरची जागा पहिल्यांदा. कास्टिंगवर ग्राइंडर फिरवलेला दिसला, अक्षरं वरखाली, खोली वेगवेगळी असली तर तिथूनच परत फिरा. इंजिन कितीही चांगलं असो, पुढे पोलिसांपर्यंत प्रकरण जातं.

मग थंड इंजिन सुरू करून मागा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलं असेल तर ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाला) हात लावून कळतं. सुरू झाल्यावर फिलर उघडा, डिपस्टिक वर उडते का बघा. क्रँकची पुली पुढे-मागे ढकलून खेळ बघा. डोळ्याला स्पष्ट दिसण्याइतका असेल तर थ्रस्ट वॉशर गेलेत. हे साधारण ०.१ ते ०.३ मिमीचं काम, हाताला फक्त टकटक जाणवली पाहिजे. पाण्याच्या बाजूचे कोअर प्लग गंजून फुगलेत का, ब्लॉकवर कुठे वेल्डिंग किंवा एम-सील आहे का, तेही तपासा.

सर्वात महत्त्वाचं, संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उघडायला लावा. एक मेन बेअरिंगची आणि एक बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) कॅप काढली की कळतं. शेल राखाडी एकसारखं असेल तर ठीक. तांबडा थर दिसू लागला तर झीज वरच्या थराच्या पलीकडे गेली. संपात चमकणारी कणी दिसली तर विषय संपला. विकणारा संप उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

६५ हजारांत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, फाउंडेशन रबर, होस, ऑइल-फिल्टर धरलेत का विचारा. बहुतेक वेळा नसतात. इंजिन बाहेर असताना हे बदललं नाही तर महिन्याभरात गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

पासिंग_मार्गदर्शक
कागदपत्रांचं मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की ते आरटीओच्या नोंदीत यावं लागतं. पूर्वमंजुरी न घेता बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत आरसीसह कळवायचं. कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

त्याच प्रकारचं इंजिन असेल तर फक्त इंजिन नंबर बदलतो. दुसरं इंजिन टाकलं तर मेक, सीसी सगळंच बदलतं आणि अडचण तिथे सुरू होते. विकणाऱ्याकडून पक्कं बिल, ज्या गाडीचं इंजिन त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी, एवढं आधी हातात घ्या. इन्शुरन्समध्येही नवा नंबर चढवून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअर नंबर जुळवतो, तेव्हा न जुळल्यास क्लेम अडकतो.

तुमची गाडी आठ वर्षांवरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. तिथे नंबर बघितला जातोच. पंधरा वर्षांवरच्या गाडीची फीही बरीच वाढली आहे, ती हिशोबात धरा. स्वतःचाच ब्लॉक बांधला तर इंजिन बदलाच्या नोंदीचं काहीच करावं लागत नाही.

भुदरगड_०९
सर्वांचे मनापासून आभार. टेस्ट करून घेतल्या. कॉम्प्रेशन २४, २३, १६, २३ बार. तिसऱ्या सिलिंडरला हवा फिलरमधून जोरात येते, रेडिएटरमध्येही बुडबुडे. हेड उतरवलं. बोअर वरच्या रिंगच्या जागी ८९.०२, ८९.०३, ८९.१४, ८९.०२ मिमी. तिसऱ्यात उभ्या रेघा आहेत. हेडला तिसऱ्याच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे बारीक क्रॅक दिसतोय. ब्लॉक प्रेशर टेस्टमध्ये पास. गेजला ऑइल प्रेशर कमीच होतं. गॅरेजवाले म्हणतात, तिसऱ्याचीच रिंग-पिस्टन बदलू.

उद्यमनगर_बोअरिंग
एकाच सिलिंडरचं काम करू नका. मूळ बोअर ८८.९ मिमी. बाकी तीन ०.१२-०.१३ ने झिजलेत, तिसरा ०.२४ ने. झिजलेल्या बोअरला वर कड तयार होते, नवी रिंग त्या कडेला आपटून तुटते. चारही लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बदलून स्टँडर्डवर आणा, नवीन पिस्टन-रिंग किट घ्या. ब्लॉक चांगला आहे, तो सोडून अनोळखी इंजिन आणण्यात अर्थ नाही.

होनिंग (बोअर बारीक घासणं) झाल्यावर तिरक्या जाळीसारख्या रेषा दिसल्या पाहिजेत, आरशासारखा गुळगुळीत बोअर घेऊ नका, त्यावर ऑइल थांबत नाही. बोअर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरा कपडा फिरवल्यावर काळा होईनासा होईपर्यंत. नुसतं डिझेलने पुसलं तर होनिंगची पूड रेषांत राहते आणि नव्या रिंगा खाते.

क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. ग्राइंडिंग लागलं तर ०.२५ मिमी अंडरसाइज (मूळ मापापेक्षा बारीक) आणि त्याच मापाचे शेल. जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेची गोलाई तशीच ठेवायला बजावून सांगा. कोपरा काटकोनात कापला गेला की क्रँक तिथूनच तुटतो. क्रॅक असलेल्या हेडला वेल्डिंग नको, दुसरं हेड घ्या, प्रेशर टेस्ट करूनच.

नोझल_टेस्टिंग
एक गोष्ट राहून जातेय. तिसराच का गेला? एकाच सिलिंडरची झीज दुप्पट, उभ्या रेघा आणि त्याच जागी हेडला क्रॅक, हे गळक्या इंजेक्टरचं लक्षण आहे. नोझल (इंजेक्टरचं टोक) फवारा मारण्याऐवजी थेंब टाकायला लागलं की डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि पिस्टन-हेड एकाच जागी भाजतं. तेच इंजेक्टर परत बसवले तर नवा लायनरही तसाच जाईल.

चारही टेस्ट बेंचवर लावा. फुटण्याचं प्रेशर (ज्याला नोझल उघडतं ते), फवारा आणि फुटायच्या जरा खालच्या प्रेशरला टोक कोरडं राहतं का, हे तिन्ही स्वतः उभं राहून बघा. डिझेल पंपही कॅलिब्रेट करा. बसवताना तांब्याचे वॉशर नवे. जुन्यावर नवा चढवू नका, इंजेक्टरचं टोक मापापेक्षा वर राहतं.

कागल_गिअरबॉक्स
रेडिएटरही खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करा. बोअरवेलचं पाणी घालत असाल तर आत चुनखडीचा थर असणारच. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी सतत गार राहिलं की बोअर लवकर झिजतो. नवा थर्मोस्टॅट, नवी कॅप, शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

भुदरगड_०९
समजलं. चारही लायनर, क्रँक, दुसरं हेड, इंजेक्टर-पंप, रेडिएटर, क्लच असं ठरवलं. बांधून झाल्यावर किती दिवस माल भरायचा नाही?

उद्यमनगर_बोअरिंग
सुरू करायच्या आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंद, मधे थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू करा. तासन्‌तास स्लोला उभी ठेवायची पद्धत चुकीची आहे, त्याने बोअरला चकाकी येते आणि रिंगा बसत नाहीत. पहिले ५०० किलोमीटर अर्धा माल भरून सपाटीला, निपाणी-कागलच्या बाजूला चालवा, एकाच वेगात ओढू नका. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. हेडचे बोल्ट परत आवळायचे की नाही ते गॅस्केटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याप्रमाणेच करा. दीड हजार किलोमीटर होईपर्यंत गगनबावड्याची गुळाची खेप दुसऱ्या गाडीला द्या.