स्टेज सोडून शिकवायला लागलं म्हणजे करियर संपलं का?

धंतोलीकर: काल घरी यावरून वाद झाला म्हणून धागा काढतोय. मॅन्युएल गार्सियाबद्दल वाचत होतो, जन्म 1805 चा, ऑपेरात गायचा, पण आवाज लवकर खराब झाला आणि मग आयुष्यभर शिकवलं. भाऊ म्हणे, बिचारा, गाण्यात फेल झाला. मला अजिबात पटत नाही. 1841 मध्ये जेनी लिंड ही स्वीडिश गायिका त्याच्याकडे पॅरिसला आली, वय अवघं वीस, गाऊन गाऊन गळा पार बसलेला. ह्याने आधी काय केलं तर गाणंच बंद, काही आठवडे बोलायचंही कमीच, मग पुन्हा पहिल्यापासून रियाज. तीच पुढे युरोपभर गाजली. ज्याचा स्वतःचा गळा गेलाय त्यालाच हे सुचणार. 1854 मध्ये दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, उन्हाची तिरीप आत पाडून त्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले! हा माणूस फेल?

बर्डीवाला: भौ, एका माणसावरून नियम काऊन करता? ऑपेरा गायिका मारिया कॅलसनेही 1971-72 ला न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत मास्टरक्लास घेतले, पण लोकं तिला नॉर्मा आणि टोस्का ह्या ऑपेरांतल्या भूमिकांसाठीच ओळखतात ना. माझी मावशी नाट्यसंगीत गायची, लग्नानंतर दौरे बंद, मग चाळीस वर्षं क्लास. सगळे म्हणतात किती विद्यार्थी घडवले. पण मी तिला नागपूरच्या वसंतराव देशपांडे हॉलमध्ये शेजारी बसून पाहिलंय, स्टेजवर तिचीच विद्यार्थिनी गात होती आणि हिची बोटं पदराखाली ताल धरत होती, तान आली की गळा हलायचा, आवाज नाही. ते दुःख आहे, त्याला त्याग वगैरे म्हणू नका.

सूरपेटी: वाचून गलबललं. पण दादा, मावशीचं गाणं घरच्यांनी थांबवलं, क्लासने नाही, दोष भलत्यालाच लागतोय. आणि त्याच हॉलचं घ्या. ज्यांचं नाव हॉलला आहे ते गायक वसंतराव आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, सी. रामचंद्रसुद्धा. हॉलमध्ये जाणाऱ्या किती जणांना गुरुजींचं नाव माहीत असेल? मला तर ह्याचाच राग येतो, शिकवणाऱ्याला आपण कलाकारात धरतच नाही.

बर्डीवाला: घरच्यांबद्दल बोललात ते खरंय, मान्य. आत्ताच मावशीला फोन करून सरळ विचारलं, गाणं की शिकवणं. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, मला दोन्ही करायचं होतं रे, कोणी विचारलंच नाही.