मदत हवी आहे : परळला रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढायचं आहे

नमस्कार. भांडुपमधलं आमचं महिला भजनी मंडळ आहे. गाडगे महाराजांच्या दशसूत्रीतलं ‘भुकेलेल्यांना अन्न’ मनात धरून टाटा कॅन्सर रुग्णालयाबाहेर थांबणाऱ्या नातेवाइकांना दर द्वादशीला घरचं जेवण द्यायचं आहे. एकादशीचा उपास त्यांच्यासोबत सुटावा, याहून मोठा आनंद आम्हाला नाही.

केमो चालू असलेल्यांना बाहेरचं अन्न बाधू शकतं, म्हणून रुग्णांना देणार नाही. एका संस्थेला विचारलं, तर शिधा किंवा पैसे द्या म्हणाले. पण आम्हाला स्वतःच्या हातानं वाढायचंय. चाळीसेक माणसांची पोळी-भाजी जमेल. गाडी नाही, दुपारी लोकलनेच येऊ.

फुटपाथवर वाटायला परवानगी कोणाकडे मागायची? की जवळपास वाढायला माणसं घेणारी एखादी धर्मशाळा किंवा अन्नछत्र आहे?