जुना डिस्को आजच्या क्लबमध्ये: ग्रिड सरकते, आवाज पातळ लागतो. काय करावं?

लयवेडा_पुणे

क्लबमध्ये रात्री १० ते १२ असा दोन तासांचा डिस्को सेट लावायचा आहे. येणारी मंडळी पंचविशीच्या आतबाहेरची, कान १२४-१२६ बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) हाउस संगीताला सरावलेले. डिस्कोचा आवाज त्यांना परका नाही. डाफ्ट पंकचं २०१३ चं 'गेट लकी' आणि दुआ लिपाचा २०२० चा 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' सगळ्यांना पाठ आहे. अडचण येते ती १९७४ ते १९८२ मधल्या मूळ रेकॉर्डिंगची.

१. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरची ग्रिड, म्हणजे ठोक्यांवर आखलेल्या रेषा, सुरुवातीला बरोबर बसते, पण पंधरा-सोळा बारनंतर (चार ठोक्यांचा एक बार) सरकते. सिंक (लय आपोआप जुळवणारी सोय) लावलं की दोन्ही गाण्यांच्या किक (मोठ्या ड्रमचे ठोके) एकमेकांच्या पायात येतात.
२. नव्या ट्रॅकमागून जुनं गाणं लावलं की आवाज एकदम पातळ होतो आणि फ्लोअर रिकामा व्हायला लागतो.
३. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं ठोक्या-ठोक्याला वॉर्प करून (ताणून-आवळून) सरळ केलं, तर ते निर्जीव वाजतं.

हाताशी दोन सीडीजे-३००० (डीजेचे प्लेअर), चार चॅनलचा मिक्सर आणि लॅपटॉप आहे. ऐंशीच्या दशकातला हिंदी डिस्कोही थोडा घ्यायचा आहे. नेमके आकडे आणि पायऱ्या सांगाल तर फार उपयोग होईल.

---

सम_सापडली

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यातच पहिल्याचं कारण आहे. त्या काळी ड्रमर बहुधा क्लिकशिवाय (कानातल्या मेट्रोनोमशिवाय) वाजवायचे. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत अर्ल यंगने १९७३ च्या सुमारास चारही मात्रांवर किक आणि मधल्या जागी उघडी हाय-हॅट (जोडझांज) हा ठेका रूढ केला, पण तो माणसाच्या हातापायांनी. व्हायोलिनं आली, कोरस आला, की लय एखाद-दीड बीपीएमने चढते. गाणं रंगलं की तबलजी लय किंचित पुढे नेतो, तसंच हे.

आता हिशोब बघा. १२० बीपीएमला सोळा बार म्हणजे ६४ ठोके, ३२ सेकंद. ड्रमर १२१ वर गेला असेल तर तेच ६४ ठोके ३१.७४ सेकंदांत संपतात. फरक पाव सेकंदाचा, म्हणजे अर्ध्या ठोक्याहून जास्त. फक्त एका बीपीएममुळे!

एबलटनमध्ये असं करा. पहिली स्वच्छ किक शोधा. पियानोची किंवा ड्रमची उचल सम म्हणून धरू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. त्या किकवर १.१.१ (पहिल्या बारचा पहिला ठोका) ठेवा आणि तिथून पुढे सरळ वॉर्प करा. मग आठ बार पुढे जाऊन त्या बारच्या पहिल्या किकवर मार्कर (वॉर्पची खूण) ओढा. पुन्हा आठ बार. ड्रम फिल संपून कोरस सुरू होतो तिथे चार बारांवर एक जास्तीचा मार्कर चालेल. फिलच्या पोटात मार्कर टाकू नका, आणि प्रत्येक ठोक्यावर तर मुळीच नको. बारच्या आत स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) काही मिलिसेकंद मागे रेलतो, हाय-हॅट किंचित पुढे ढकलते, आणि पाय थिरकतात ते त्या ओढाताणीमुळे. तुम्ही ठोक्या-ठोक्याला मार्कर टाकून नेमकी तीच पुसून टाकलीत.

प्रोजेक्टचा टेम्पो गाण्याच्या सरासरीवर ठेवा. गाणं ११६ ते ११८ मध्ये फिरत असेल तर ११७. वॉर्पचा मोड री-पिच: आवाज ताणला जात नाही, स्वर केसभर वरखाली होतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्लेक्स प्रो मोडमध्ये हाय-हॅट फिसकटते आणि किकचं टोक बोथट होतं, त्यामुळे टेम्पो बराच बदलायचा असेल तरच तो. शेवटी २४ बिट वेव्ह फाइल काढा, एमपीथ्री नको.

एक सापळा मात्र आहे. काही गाण्यांत कोरसच्या आधी दोन मात्रांचा जादा तुकडा असतो. तिथून पुढे सॉफ्टवेअरची सम तुमच्या तिसऱ्या मात्रेवर पडते. ग्रिड बरोबर दिसत असूनही मिक्स उलटं वाटत असेल, तर आधी हेच तपासा.

वेळ नसेल तर रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिस डायनॅमिक मोडवर करा आणि मेट्रोनोम लावून चार जागी ऐका: सुरुवात, पहिला कोरस, ब्रेक, शेवट. वाजवताना सिंक बंद ठेवा. नव्या ट्रॅकचे शेवटचे आठ बार लूपवर (तोच तुकडा फिरत राहतो) धरा, ते हलत नाहीत. जुन्या गाण्याच्या सुरुवातीच्या ड्रमवर चार ठोक्यांचा लूप लावला की तोही हलत नाही. दोन लूप निवांत जुळवा, लो ईक्यूची (तळाच्या आवाजाची) अदलाबदल करा, मग जुन्याचा लूप सोडा आणि पुढच्या आठ बारांत नवा ट्रॅक काढून घ्या. सरकायला जागाच उरत नाही.

टेम्पो फार ओढू नका. ११२ चं गाणं ११८ वर नेलं तर ५.४ टक्के वाढ झाली. मास्टर टेम्पो (वेग बदलूनही स्वर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर स्वर ०.९ सेमीटोन चढतो आणि गायिका लहान मुलीसारखी वाटू लागते. चालू असेल तर व्हायोलिनांना लहरी येतात. ३ टक्क्यांच्या आत राहा.

---

लयवेडा_पुणे

आठ बारांचं करून पाहिलं. गाणं खरंच जिवंत राहिलं, मनापासून आभार! आता आवाजाचं सांगा. पूर्ण गाण्याखाली ९०९ या ड्रम मशीनची नवी किक टाकावी का?

---

गेन_आधी

पूर्ण गाण्याखाली नको. ग्रिडवरची किक काटेकोर आणि ड्रमरची किक आठ बारांच्या आत पुढेमागे. अंतर दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या वर गेलं की एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. त्याहून कमी असेल तर दोन लाटा एकमेकींना खातात आणि तळ वाढायच्या ऐवजी कमी होतो. हवीच असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या सोळा बारांपुरती टाका, मिक्ससाठी तेवढी पुरते. एबलटनमध्ये ड्रमचं मिडी (ठोक्यांच्या जागांची नोंद) करून घेता येतं. त्या नोट्स क्वांटाइझ न करता (ग्रिडला न चिकटवता) त्यांवर किक बसवा म्हणजे ती ड्रमरच्या मागून चालेल. तेवढ्या भागात मूळ गाणं ९० हर्ट्झखाली कापा, नव्या किकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करून पाहा, ज्यात तळ भरीव लागेल ती बाजू ठेवा.

पातळपणाचं मुख्य कारण किक नाहीच, लाउडनेसमधली तफावत आहे. आजचा क्लब ट्रॅक साधारण −७ एलयूएफएसला (लाउडनेसचं माप) असतो, जुन्या मास्टरची चांगली फाइल −१४ च्या आसपास. सात डेसिबल खाली गेलेलं कोणतंही गाणं कानाला मेलेलंच वाटणार. बहुतेक जण इथे जुन्याचा ट्रिम (मिक्सरवरची पातळीची कळ) पूर्ण उजवीकडे फिरवतात. मग स्नेअरचे उंच टोक क्लबच्या लिमिटरला (आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या यंत्राला) धडकतात, लिमिटर अख्खं गाणं दाबतो आणि प्रत्येक स्नेअरला व्हायोलिनं मागे खेचल्यासारखी होतात.

उलट करा. सेटची पातळी जुन्या गाण्यावरून ठरवा. नव्या ट्रॅकचे ट्रिम ४-५ डेसिबल उतरवा आणि साउंडवाल्या दादांना सुरुवातीलाच सांगून सिस्टिमचा एकूण आवाज तेवढा चढवून घ्या. घरी जुन्या फाइलवर लिमिटर लावाल तर जास्तीत जास्त २ डेसिबल दाबा आणि −११ च्या जवळपास थांबा. त्याच्या पुढे गेलात की डिस्कोतली हवा जाते.

ईक्यू: ३० हर्ट्झखाली कापा, तिथे टर्नटेबलची घरघर सोडून काही नसतं. ७० हर्ट्झला २ डेसिबल वाढ, २५०-३०० ला २ डेसिबल घट. ट्रम्पेट टोचत असतील तर ३ किलोहर्ट्झला दीड डेसिबल कमी. वर १० किलोहर्ट्झला वाढवताना जपून, टेपची सळसळही वर येते. कुठेही ३ डेसिबलच्या पुढे जावं लागत असेल तर फाइलच वाईट आहे, दुसरी शोधा.

आणि सबवूफर. आपल्याकडची बहुतेक सिस्टिम ईडीएमसाठी (इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतासाठी) लावलेली असते, सब भरपूर चढवलेला. डिस्कोत तळ धरतो बास गिटार, आणि तो सतत चालता असतो. त्याचा सगळ्यात खालचा ई ४१ हर्ट्झ, ए ५५ हर्ट्झ. सब चढवलेला असला की एखादा सूर खोलीभर घुमतो आणि पुढचे दोन गायब होतात. सेटपुरता सब ३-४ डेसिबल उतरवायला सांगा. बासची चाल ऐकू आली की लोक कंबरेतून नाचतात, हा फरक डोळ्यांना दिसतो.

---

बारा_इंची

वरचं सगळं पटलं, पण त्याच्याही आधी फाइल कुठली घेतली आहे ते बघा. अल्बममधलं किंवा सात इंची रेकॉर्डवरचं तीन मिनिटांचं गाणं घेऊन त्याला सुरुवात जोडत बसण्याची गरज बहुतेकदा नसते. नाचण्यासाठीची आवृत्ती तेव्हाच केलेली असते. मिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनने गाणी लांबवण्याची रीत घालून दिली आणि १९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोझर या गटाचं 'टेन पर्सेंट' बारा इंची तबकडीवर दुकानात आणलं. डीजे वॉल्टर गिबन्सने ते नऊ मिनिटांच्या आसपास नेलं होतं. बारा इंचीवर खोबणींना ऐसपैस जागा मिळते म्हणून तळ खोल आणि आवाज मोठा कापता येतो. शिवाय सुरुवातीला मोकळे ड्रम, मध्ये ब्रेक. शोधताना बारा इंची मिक्स शोधा. नंतरच्या 'रीमास्टर' संकलनांपासून सावध राहा, त्यातली बरीच लिमिटरने सपाट केलेली असतात.

स्वतः री-एडिट (गाणं कापून-जोडून नवी आवृत्ती) करायचं असेल तर काप किकच्या जरा आधी, लाट शून्यावर असते तिथे घ्या आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरतो, दुसरा चढतो) द्या. झांजेची शेपटी मध्येच तुटली की काप उघडा पडतो. म्हणून जिथे झांज वाजलेली नाही असा बार निवडा. आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर, डेमक्स वगैरे, ड्रम आणि बास काढायला बरं. गळा वेगळा काढलात तर व्हायोलिनांचे तुकडे त्याला चिकटून येतात, उघड्यावर वाजवू नका. एक कायद्याचं: भारतात ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे यातलं काहीच मोकळं झालेलं नाही. क्लबचा परवाना गाणं वाजवण्यापुरता. एडिट अपलोड करणं किंवा विकणं त्यात बसत नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. प्रत्येक गाणं वॉर्प करूच नका. डीजे डेव्हिड मॅन्क्युसोने १९७० मध्ये न्यूयॉर्कला 'लॉफ्ट' हे नाचाच्या पार्ट्यांचं ठिकाण सुरू केलं आणि पुढे मिक्सिंग सोडूनच दिलं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजायचं, मग पुढचं. दोन तासांत तीन-चार गाणी अशी पूर्ण वाजू द्या, शेवटच्या झांजेपर्यंत. आधीचं संपलं, अर्धा श्वास, आणि पुढच्याची पहिली किक. सतत चालणाऱ्या मिक्सला सरावलेल्या लोकांना ती अर्ध्या श्वासाची जागा विलक्षण लागते. अट एवढीच की पुढच्या गाण्याची सुरुवात दमदार हवी, आठ बार नुसत्या व्हायोलिनांचं गाणं तिथे चालत नाही.

क्रम असा लावता येईल: पहिला अर्धा तास ११०-११४, बास पुढे असलेली गाणी. मग तासभर ११६-१२०, इथेच पर्पल डिस्को मशीनसारख्या आजच्या मंडळींचे ट्रॅक जुन्यांच्या मध्ये बसतात. शेवटचा अर्धा तास १२२ च्या वर. एकदम १२५ च्या हाउसवरून ११२ वर उडी मारलीत तर लोक बारकडे वळतात. मध्ये एक ठोकाविरहित ब्रेक असलेलं गाणं ठेवा आणि त्या ब्रेकमध्ये टेम्पो उतरवा.

---

सम_सापडली

पूर्ण गाणं वाजवण्याचं मान्य. वॉर्प फक्त जिथे लांब मिक्स करायचं तिथेच. एक भर: काही जुन्या गाण्यांना वॉर्पची गरजच नसते. बी जीजच्या 'स्टेइंग अलाइव्ह'च्या वेळी ड्रमर हजर नव्हता, म्हणून 'नाइट फीव्हर'च्या टेपमधले दोन बार कापून त्यांचा लूप फिरवला होता. लय हलत नाही. फक्त १०४ च्या आसपास असल्याने ते सेटच्या सुरुवातीलाच बसतं. डोना समर आणि जॉर्जिओ मोरोडर यांचं १९७७ चं 'आय फील लव्ह' मूग सिक्वेन्सरवर (सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) उभं आहे, ते हाउसशी थेट जुळतं.

---

रेडिओ_दादर

हिंदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मुंबईच्या फिल्मी डिस्कोत ठेका मुखड्यात एक आणि मधल्या म्युझिकमध्ये दुसरा असतो, सुरुवातीला बिनतालाचा तुकडाही येतो. म्हणून संपूर्ण गाण्याला एक ग्रिड लावू नका. नाचायला जोर असतो तो मधल्या म्युझिकमध्ये. तिथले चार किंवा आठ बार हॉट क्यूवर (एका बटणावर हजर होणारी खूण) ठेवा, लूपने आत शिरा आणि मग मुखड्यावर उडी मारा. लोक मुखडाच गातात, त्यामुळे तो पूर्ण द्या. दुसऱ्या अंतऱ्याआधी बाहेर पडा. मिक्समध्ये गळा फार पुढे असतो, तेव्हा मिड २ डेसिबल उतरवा. नाझिया हसनचं १९८० चं 'कुर्बानी'तलं गाणं बिद्दूने लंडनमध्ये केलेलं. त्याचा ठेका सरळ आहे, हिंदीत शिरायला तेच दार बरं.

आणि चरणजीत सिंग यांना विसरू नका. १९८२ मध्ये मुंबईत त्यांनी रोलंडच्या टीआर-८०८ (ड्रम), टीबी-३०३ (बास) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीची ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर ऐकली गेली. यंत्राचा ठेका असल्याने ग्रिड एका मार्करवर बसते. ३०३ चा तो वळवळणारा आवाज हाउस ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे डिस्कोतून हाउसकडे जाताना मधला दुवा म्हणून फार छान. फक्त मिक्स करताना दुसऱ्या ट्रॅकमध्ये सूर नको, नुसते ड्रम ठेवा. भैरवीच्या कोमल स्वरांवर कोणाचेही मेजर कॉर्ड आले की दोन्ही बेसूर लागतात.

---

लयवेडा_पुणे

भैरवीचा तुकडा १२ च्या जरा आधी ठेवतो, पुढच्या डीजेचं हाउस तिथूनच सुरू होतं. त्याला पहिले सोळा बार नुसत्या ड्रमचे ठेवायला सांगतो.