‘रिलेशनल’, ‘की’, ‘ट्रान्झॅक्शन’, ‘नल’ : डेटाबेसमधल्या चार शब्दांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

बारावीला डेटाबेस शिकवते. वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं काढायला घेतली आणि चार शब्दांपाशी अडले. ‘डेटाबेस’ आणि ‘टेबल’ तसेच ठेवले आहेत, ते मुलांच्या तोंडात आहेत. ‘रो’साठी नोंद आणि ‘कॉलम’साठी रकाना घेतलाय. ‘रिलेशनल’ला मी ‘नातेसंबंधी’ लिहिलं, कारण एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं जोडलेलं असतं. हे चालेल का? ‘प्रायमरी की’ला, म्हणजे ज्या रकान्यावरून नोंद ओळखायची त्याला, ‘मुख्य चावी’ म्हटलंय, पण मुलं विचारतात, चावी आहे तर कुलूप कुठंय? ‘ट्रान्झॅक्शन’ आणि ‘नल’ला तर शब्दच सुचत नाही.

प्रतिसाद १

ताई, नोंद आणि रकाना अगदी ठेवा. ‘नातेसंबंधी’ मात्र काढा. हा गैरसमज इंग्रजीतून शिकलेल्यांचाही असतो आणि तो नोकरीला लागल्यावरही जात नाही.

ही कल्पना १९७० साली ई. एफ. कॉड यांनी मांडली. ते आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होते आणि गणित शिकलेले होते. ‘रिलेशन’ हा शब्द त्यांनी संचांच्या गणितातून घेतला. तीन संच घ्या : गावं, पिकं, वर्षं. ‘या गावात, हे पीक, या वर्षी’ अशी जेवढी त्रिकुटं खरी आहेत, त्या सगळ्यांचा मिळून एक संच होतो. तो संच म्हणजे रिलेशन. म्हणजे आपण ज्याला टेबल म्हणतो ते स्वतःच रिलेशन आहे. डेटाबेसमध्ये एकुलतं एक टेबल असलं, कुणाशीही न जोडलेलं, तरी तो रिलेशनलच.

हे कळलं की पुढच्या दोन गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. संचाला क्रम नसतो, म्हणून ‘टेबलातली पहिली नोंद कोणती’ हा प्रश्नच उभा राहत नाही. क्रम हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. आणि संचात एक घटक दोनदा येत नाही, म्हणून प्रत्येक नोंद दुसरीपासून ओळखता आलीच पाहिजे. (एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, प्रत्यक्षात दुहेरी नोंदी चालवून घेते. कॉड यांना ते पटलं नव्हतं.)

गणितात रिलेशनला ‘संबंध’ म्हणतात, पण मुलं पुन्हा नात्याकडेच वळतील. मी ‘कोष्टकी डेटाबेस’ म्हणेन.

प्रतिसाद २

मी तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. कॉम्प्युटरचं शास्त्र मला येत नाही, पण ‘की’ म्हणजे काय ते आमच्या दप्तरात रोज दिसायचं.

नुसता ‘गट नंबर ११२’ सांगून जमीन सापडत नाही, कारण ११२ गावोगाव असतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर असे चारही रकाने मिळून एकच जमीन ठरते. सातबाऱ्यावर खाते क्रमांक असतो. तो धरून आठ-अ काढलं की त्या खातेदाराची गावातली सगळी जमीन एका ठिकाणी दिसते. म्हणजे तो क्रमांक राहतो एका नमुन्यात आणि बोट दाखवतो दुसऱ्याकडे. यात उघडायचं काहीच नाही, ओळख पटवायची आहे. म्हणून चावी नको.

प्रतिसाद १

काका, तुम्ही ‘कॉम्पोझिट की’ आणि ‘फॉरिन की’ दोन्ही सांगून टाकल्यात. मग प्रायमरी कीला ‘ओळख-रकाना’, अनेक रकाने मिळून असेल तर ‘जोड-ओळख’, आणि फॉरिन कीला ‘दुवा-रकाना’ म्हणू. ‘परकी चावी’ असं कुठं छापलेलं दिसतं तेव्हा वाईट वाटतं. त्यात मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

प्रतिसाद ३

ट्रान्झॅक्शनला ‘व्यवहार’ हाच शब्द. माझे वडील आडत दुकानात हिशेब लिहायचे, त्यांची पद्धत सांगते. आधी रोजकीर्दीत लिहायचं, घडलं त्या क्रमानं. खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर, ते नंतर चढायचं. खतावणी भिजली तरी किर्दीवरून पुन्हा उभी करता यायची.

पोस्टग्रेससारखी डेटाबेस सांभाळणारी प्रणाली हेच करते. बदल आधी लॉगमध्ये लिहिते, मग टेबलाच्या पानांवर नेते. समजा एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली. पुन्हा सुरू झाल्यावर ती लॉग वाचते. पुरे झालेले व्यवहार खात्यांवर चढवते. अर्धवट राहिलेल्याचा परिणाम उरू देत नाही. लॉगला ‘किर्द’ म्हणावं असं मला फार मनापासून वाटतं. ‘नोंदवही’ म्हटलं की टेबल आणि लॉग यांतला फरकच पुसला जातो.

प्रतिसाद २

फेरफाराचंही तसंच. तलाठ्यानं फेरफार नोंदवला म्हणून सातबारा बदलत नाही. मंडळ अधिकाऱ्यानं तो प्रमाणित केला की बदलतो, नामंजूर केला तर सातबारा होता तसाच. आणि जुन्या मालकाचं नाव आम्ही खोडत नाही, कंस करतो.

प्रश्नकर्ती

म्हणजे ‘कमिट’ला, व्यवहार पक्का करण्याला, ‘प्रमाणित करणं’! हे उदाहरण वर्गात नक्की घेते, शेतकऱ्यांच्या घरची मुलं आहेत. आता ‘नल’ राहिला. सरकारी अहवालात ‘निरंक’ लिहितात, तो घेऊ का?

प्रतिसाद १

नको. ‘निरंक’ म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. ती माहिती झाली. नल म्हणजे माहितीच नाही.

पावसाच्या चार दिवसांच्या नोंदी घ्या : १० मिमी, २० मिमी, ०, आणि चौथ्या दिवशी पर्जन्यमापक बिघडलेला. चौथा रकाना नल ठेवला तर एसक्यूएल त्याला वगळून सरासरी काढते, ३० भागिले ३, म्हणजे १० मिमी. तिथं निरंक समजून शून्य भरलं तर ७.५ मिमी येते. पाऊस तोच, उत्तर चुकीचं. आणि दोन नल एकमेकांबरोबर आहेत का विचारलं तर एसक्यूएल हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, ‘अज्ञात’ म्हणते. दोन दिवसांचा पाऊस ठाऊक नसेल, तर तो सारखा होता की नव्हता हे कसं सांगणार?

प्रतिसाद ३

पण ‘लागू नाही’ हाही नलच असतो ना? अविवाहिताच्या अर्जात जोडीदाराचं नाव हा रकाना.

प्रतिसाद १

हो, आणि तीच खरी अडचण आहे. कॉड यांनी पुढं या दोन्हींसाठी वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, पण एसक्यूएलमध्ये नल एकच राहिला. म्हणून मराठी शब्दही दोन्ही अर्थ पोटात घेणारा हवा. ‘नोंद नाही’ म्हटलं तर सगळी ओळच नाही असं वाटेल. ‘अज्ञात’ फक्त पहिल्या अर्थाचा. मी ‘कोरा’ म्हणेन, कोरा रकाना. फक्त मोकळी अक्षरमाळा (एकही अक्षर नसलेला मजकूर, ‘एम्प्टी स्ट्रिंग’) भरणं म्हणजे कोरा सोडणं नव्हे, हे ताई, तुम्हाला फळ्यावर एकदा करून दाखवावं लागेल.