प्रतिसाद: सणांचे फोटो सगळे सारखेच का दिसतात?

तुम्ही विचारलंय की पोळ्याचे फोटो दरवर्षी तसेच का येतात. माझ्या मते आपण नेमके पोळ्याच्याच दिवशी थांबतो. नागपुरात खरी गंमत दुसऱ्या दिवशी, पाडव्याला असते. सकाळी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा पीडा घालवायला मिरवणुकीने नेतात तो मोठा पुतळा, निघते, संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा.

मारबतीला एक गोष्ट मी चुकून शिकलो. काळ्या मारबतीने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, काळ्याचं राखाडी करून टाकतं. एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्मा, घ्या, मग तो काळा रंग काळाच राहतो. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडणारे पोट्टे मात्र जवळून टिपा. इतवारीच्या गल्ल्यांत लांबच्या लेन्सला जागाच नसते, गर्दीचा धक्का वेगळा. आणि बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघणारे पुतळे, सोडू नका बाप्पा! त्यावर्षी लोक कशावर चिडलेत ते त्यांच्या पाट्यांवरच लिहिलेलं असतं.

तान्ह्या पोळ्याला मी जमिनीवरच बसतो. लाकडी बैल उभ्याने काढला तर खेळणं दिसतो, चाकाच्या उंचीवरून काढला तर बैल. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक आहे, शिंग तुटलेला. पुतणी त्यालाच बेगड लावते, नवा नको म्हणते. गेल्या खेपेला ती बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या मुलांना देतात तो खाऊ-पैसा, मागायला दारोदार गेली, तेव्हा मी मागून पाठमोराच फोटो घेतला. एका हातात दोरी, दुसऱ्यात चॉकलेटं. वर्षभरातला तोच एक फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय.