'टी कॅडी'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी: सदाशिव पेठेतला वाडा पाडायला काढलाय. मावशी तिच्याकडची चहाची जुनी भांडी आम्हा भाचरांत वाटते आहे आणि प्रत्येक वस्तूला मराठी चिठ्ठी लावायचं काम माझ्याकडे आलंय. कपबशी, साखरदाणी, गाळणं, चिमटा झालं. अडलंय टी कॅडीपाशी. चहापूड ठेवायची शिसवी पेटी, आत पत्रा मारलेले दोन कप्पे, वर कुलूप. मी 'चहादाणी' लिहिलं, तर मावशी म्हणाली, "अगं, ती किटली!"

पेठकरी: तुमचंच बरोबर. साखरदाणीत साखर, अत्तरदाणीत अत्तर, तशी चहादाणीत चहापूड. 'दाणी' फारसी 'दान'वरून आलं, म्हणजे ठेवायची जागा. तोटीच्या भांड्याला ते नाव चुकून चिकटलंय.

जुनाबाजार: चुकून कसं? गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतातच ना! आमच्याकडे चहादाणी चिनी मातीची, पाहुण्यांसाठी. किटली म्हणजे अमृततुल्यच्या पोऱ्याच्या हातातली, अ‍ॅल्युमिनियमची. हा भेद पुसू नका.

तांबटआळी: 'चहापेटी' लिहा, फणेरपेटीसारखं. कुलूप हा त्या वस्तूचा प्राण आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात चहा इतका महाग होता की किल्ली घरच्या बाईकडे असे. १७८४ साली कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला, तेव्हा कुठे तो आवाक्यात आला. एका कप्प्यात काळा चहा, दुसऱ्यात हिरवा. मला या पेट्या फार आवडतात.

पेठकरी: चहापेटी म्हटलं की मला आसामहून येणारी प्लायवूडची खोकी दिसतात. घर बदलताना सगळे त्यातच पुस्तकं भरायचे.

मापटं: कॅडीच ठेवा. तोही मूळचा इंग्रजी नाही. मलायी 'कटी' हे वजन, साधारण ६०० ग्रॅम. वजनाचं नाव डब्याला मिळालं. आपल्याकडे मापटं, पायली ही मापंही आणि भांडीही, तसंच.

पेठकरी: मग मराठीनं स्वतःचं काही घडवायचंच नाही का? दरवेळी आयता शब्द उचलायचा?

मापटं: 'चहा' तरी कुठे आपण घडवला? चीनमधून आला आणि आपला झाला.

जुनाबाजार: ओसरी, कपांच्या तळाचा शिक्का पाहिलात? 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर वस्तू महायुद्धानंतरची आणि साधारण १९५२पर्यंतची. संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आणि बशा खोल आहेत का?

ओसरी: शिक्का नुसता 'इंग्लंड'. बशा चांगल्या खोल आहेत. किटलीवर घालायचं लोकरीचं टोपरंही आहे, त्याला मावशी टोपरंच म्हणते.

तांबटआळी: टोपरं! हाच खरा शब्द, टी-कोझी लिहू नका. खोल बशी ओतून प्यायलाच असे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बशीतून पिताना रिकामा कप टेकवायला काचेची वेगळी चिमुकली ताटली ठेवत.

पेठकरी: बशीतल्या चहाचा भुरका काही औरच.

मापटं: भुरका आमटीचा. चहाचा फुरका.

पेठकरी: आमच्या घरी तीन पिढ्या चहाचा भुरकाच मारतात.

जुनाबाजार: नारायण पेठेत फुरकाच ऐकलाय. कोकणातलं कुणी आहे का इथे?